माहितीच्या मागोमाग कायदा

माल परदेशी जातो तेव्हा तो एका बंदरातून उठतो, दुसऱ्या बंदरात उतरतो आणि मधे कस्टमचा शिक्का बसतो. माहिती अशी जात नाही. तिची मूळ प्रत जागच्या जागी राहते, दुसरी प्रत भलत्याच खंडात तयार होते. कित्येकदा प्रतही तयार होत नाही, कोणीतरी ती दुरून नुसती वाचतो. त्यामुळे ‘सीमापार हस्तांतरण’ म्हणजे काय, हे कायद्यालाच ठरवावे लागले. युरोपीय संघाच्या नियमांत या शब्दाचा अर्थ बराच रुंद आहे. फ्रँकफर्टच्या सर्व्हरवरची ग्राहकाची नोंद पुण्यातल्या एखाद्या सेवा-कंपनीच्या तंत्रज्ञाने पडद्यावर उघडली की ती माहिती भारतात गेली असे धरतात, फाइल उतरवून घेतली नसली तरी. उलट पोलंडमधल्या कंपनीचा कर्मचारी बैठकीसाठी भारतात आला आणि त्याने आपल्याच कंपनीच्या नोंदी लॅपटॉपवर पाहिल्या, तर ते हस्तांतरण नव्हे. माहिती दुसऱ्या कोणाच्या हाती पडलेलीच नाही. हे दुसरे उदाहरण युरोपीय डेटा संरक्षण मंडळाच्या मार्गदर्शनातले आहे, आणि उदाहरणासाठी मंडळाला भारतच आठवावा यात नवल नाही. किती मैलांचा प्रवास झाला याला इथे महत्त्व नाही. माहिती कोणाच्या हाती गेली आणि त्या हातावर कोणत्या सरकारचा हुकूम चालतो, हे पाहिले जाते.

ही काळजी इंटरनेटच्या आधीची आहे. जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा १९७० मध्ये जर्मनीतल्या हेसे या राज्यात झाला. देशपातळीवरचा पहिला कायदा स्वीडनचा, १९७३ चा. नागरिकांची माहिती संगणकावरच्या कामासाठी परदेशी पाठवायची तर परवानगी हवी, अशी तरतूद त्यातच होती. भीती साधी होती: घरात कायदा कडक केला तर कंपन्या काम उचलून शेजारच्या ढिल्या देशात नेतील, जसा पैसा करमुक्त बेटांवर नेतात. २८ जानेवारी १९८१ रोजी युरोप परिषदेचा ‘करार १०८’ सह्यांसाठी खुला झाला आणि या विषयावरचा देशांना बांधील करणारा पहिला आंतरराष्ट्रीय करार अस्तित्वात आला. त्यानंतर १९९५ च्या युरोपीय निर्देशाने पुढची सगळी भांडणे ज्यावरून झाली ते सूत्र घातले: ज्या देशात माहितीला ‘पुरेसे’ संरक्षण आहे, तिथेच ती पाठवावी.

पुरेसे म्हणजे किती? हा प्रश्न अमेरिकेच्या बाबतीत लगेच अडला. तिथे खासगीपणाचा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नव्हता आणि आजही नाही. आरोग्याच्या नोंदींना एक कायदा, बँकांना दुसरा, मुलांच्या माहितीला तिसरा, अशी ठिगळे आहेत. त्यातले सर्वांत मजेशीर ठिगळ व्हिडिओ कॅसेटचे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवल्या गेलेल्या रॉबर्ट बोर्क यांनी दुकानातून कोणत्या कॅसेट भाड्याने नेल्या, याची यादी एका साप्ताहिकाने छापली. यादीत आक्षेपार्ह काही नव्हते. पण काँग्रेसच्या सदस्यांना आपापल्या याद्या आठवल्या असाव्यात, कारण १९८८ मध्येच कॅसेटच्या नोंदी गोपनीय ठेवणारा कायदा मंजूर झाला. अशा देशाला ‘पुरेसे’ म्हणायचे कसे, यावर २००० साली तोड काढण्यात आली. तिचे नाव ‘सेफ हार्बर’, म्हणजे सुरक्षित बंदर. अमेरिकन कंपनीने काही तत्त्वे पाळण्याचे वचन द्यायचे, आपले नाव वाणिज्य खात्याच्या यादीत घालायचे, आणि मग युरोपची माहिती तिच्याकडे निर्वेध जायची. ही तत्त्वे आपण पाळतो असे प्रमाणपत्र कंपनीने स्वतःच स्वतःला द्यायचे होते. पंधरा वर्षे हे बंदर चालले आणि चार हजारांहून अधिक कंपन्यांनी त्यात नांगर टाकला.

ते बंद पाडले एका विद्यार्थ्याने. मॅक्स श्रेम्स हा ऑस्ट्रियाचा, व्हिएन्नात कायदा शिकणारा. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा विद्यापीठात एक सत्र काढत असताना, युरोपचा कायदा तिथल्या कंपन्या फारसा मनावर घेत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. परत आल्यावर त्याने फेसबुककडे आपली सगळी माहिती मागितली. तो हक्क युरोपच्या कायद्याने दिलेलाच होता. सीडीवरून बाराशेवर पाने आली, आणि त्याने आपल्या हाताने पुसून टाकलेले निरोपही त्यात जसेच्या तसे होते. त्याने तक्रारी केल्या त्या आयर्लंडमध्ये. अमेरिका आणि कॅनडा वगळता बाकी जगातल्या वापरकर्त्यांचा करार फेसबुकच्या डब्लिनमधल्या उपकंपनीशी होत असे. कमी करामुळे सिलिकॉन व्हॅलीतल्या बड्या कंपन्यांची युरोपातली मुख्यालये तिथेच एकवटली होती. त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या आयुक्तांचे कार्यालय मात्र तेव्हा पोर्टार्लिंग्टन नावाच्या लहानशा गावात, किराणा दुकानाला लागून होते.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेली कागदपत्रे वृत्तपत्रांत आली. ‘प्रिझम’ या कार्यक्रमाखाली अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ॲपल यांच्याकडून परकीयांचे संदेश मिळवते, असे त्यांतून दिसले. त्याच महिन्यात श्रेम्सने नवी तक्रार नोंदवली: माझी माहिती डब्लिनहून अमेरिकेला जाते, तिथे ती सरकारला दिसते, तर हे ‘पुरेसे संरक्षण’ कसे? आयर्लंडच्या आयुक्तांनी ती कायद्याच्या परिभाषेत ‘पोकळ आणि त्रास देणारी’ ठरवून चौकशी नाकारली. त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. सेफ हार्बर पुरेसे आहे असे ब्रसेल्समधल्या युरोपीय आयोगाने ठरवून टाकल्यावर एका देशाच्या आयुक्ताने ते उलटवायचे कसे? प्रकरण आयर्लंडच्या उच्च न्यायालयात आणि तिथून लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयात गेले.

६ ऑक्टोबर २०१५ च्या निकालाने सेफ हार्बर रद्द झाले, तेही एका दिवसाचीही सवलत न देता. पुढचा सगळा कायदा या निकालावर उभा आहे. ‘पुरेसे’ याचा अर्थ ‘तत्त्वतः तुल्य’, असे न्यायालयाने ठरवले. परदेशातला कायदा हुबेहूब सारखा नसेल, पण संरक्षणाचे वजन तेवढेच हवे. लोकांच्या संदेशांचा मजकूर सरकारला सरसकट पाहता येत असेल तर खासगीपणाच्या हक्काचा गाभाच उरत नाही, आणि अन्याय झाल्यास दाद मागायला जागा नसेल तर हक्क नावापुरता राहतो. सेफ हार्बरमधले खरे छिद्र हेच होते. वचन कंपनीचे होते आणि कंपनी ते पाळतही असेल, पण सरकारचा हुकूम आला की वचन बाजूला ठेवण्याची मुभा त्या करारातच लिहिलेली होती.

पुढच्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये, ‘प्रायव्हसी शील्ड’ नावाची ढाल आली. तत्त्वे जरा घट्ट केली होती आणि युरोपीयांच्या तक्रारी ऐकायला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात एक लोकपाल नेमला होता. दरम्यान युरोपचा जुना निर्देश जाऊन २५ मे २०१८ पासून ‘जीडीपीआर’ हा नवा कायदा लागू झाला. हस्तांतरणाचे नियम त्याच्या पाचव्या प्रकरणात आहेत, आणि ते मोडल्यास २ कोटी युरो किंवा कंपनीच्या जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांतली जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड होऊ शकतो. पूर्वी अशा भंगाचा खर्च कंपन्या किरकोळ खात्यात टाकत. ४ टक्क्यांनंतर हा विषय संचालक मंडळाच्या टेबलावर आला.

१६ जुलै २०२० रोजी ढालही फुटली. श्रेम्सच्याच दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने या वेळी अमेरिकेचा हेरगिरीविषयक कायदा कलमाकलमाने वाचला. ‘फिसा’ कायद्यात २००८ साली घातलेल्या ७०२ व्या कलमाखाली, अमेरिकेबाहेर असलेल्या परकीयांवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकन कंपन्यांकडून माहिती घेता येते. त्यावरचे विशेष न्यायालय वर्षाकाठी एकूण कार्यक्रमाला मंजुरी देते. कोणावर पाळत ठेवायची हे नावानिशी तपासत नाही. अमेरिकन राज्यघटनेचे संरक्षण परदेशात बसलेल्या परकीयाला मिळत नाही. आणि लोकपाल सरकारातलाच एक अधिकारी, गुप्तचर संस्थांवर बंधनकारक असा आदेश देण्याचा अधिकार त्याला नाही. तो न्यायालयाच्या जागी कसा चालेल?

या निकालाने एक वाट मात्र उघडी ठेवली, आणि जगातले बहुतेक व्यवहार आज त्याच वाटेने होतात. ती म्हणजे ‘प्रमाण करारकलमे’. आयोगाने आधीच लिहून ठेवलेला हा करार माहिती पाठवणारा आणि घेणारा, दोघांनी जसाच्या तसा सही करायचा. पण नुसती सही पुरत नाही, असे न्यायालयाने बजावले. करार दोन कंपन्यांना बांधतो, परक्या सरकारला नाही. म्हणून जिथे माहिती जाणार त्या देशाचा कायदा काय म्हणतो, तिथले सरकार ती मागू शकते का, हे पाठवणाऱ्यानेच आधी तपासायचे; कमी पडत असेल तर जादा उपाय करायचे, आणि तेही पुरेसे नसतील तर पाठवणेच थांबवायचे. तर्काला हे सुसंगत आहे, व्यवहारात मात्र विचित्र. अमेरिकेच्या कायद्याची जी पारख युरोपीय आयोगाला सगळा फौजफाटा हाताशी असून दोनदा जमली नाही, ती आता लिस्बनमधल्या चाळीस माणसांच्या कंपनीने करायची होती.

जादा उपायांत सगळ्यांत भरवशाचा म्हणजे एन्क्रिप्शन. माहिती कुलूपबंद करून पाठवायची आणि किल्ली युरोपातच ठेवायची. परदेशातला सर्व्हर नुसती साठवण करत असेल तर हे चालते. पण त्या सर्व्हरला हिशेब करायचा असेल, शोध घ्यायचा असेल किंवा तिथल्या माणसाला नोंद वाचायची असेल, तर कुलूप उघडावेच लागते. परदेशी कंपनीला उघडी माहिती लागते आणि तिथल्या सरकारचे अधिकार बेताल आहेत, अशा वेळी पुरेसा तांत्रिक उपाय आपल्याला दिसत नाही, असे युरोपीय डेटा संरक्षण मंडळाने स्पष्ट लिहिले. श्रेम्सने स्थापन केलेल्या ‘नॉयब’ या संस्थेने निकालानंतर महिन्याभरात १०१ तक्रारी ठोकल्या. त्यांतून ऑस्ट्रिया आणि फ्रान्सच्या नियामकांनी, वेबसाइटवर किती लोक आले हे मोजणाऱ्या ‘गूगल ॲनालिटिक्स’चा वापर त्या प्रकरणांत बेकायदा ठरवला. लाखो संस्थांच्या वेबसाइटांवर ते साधन बसवलेले होते.

मोठा घाव फेसबुकच्या मालक कंपनीवर, मेटावर, पडला. मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने फेसबुकच्या हस्तांतरणांसाठी कंपनीला १.२ अब्ज युरोंचा दंड केला. जीडीपीआरखालचा हा सर्वांत मोठा दंड. आयर्लंडचा स्वतःचा प्रस्ताव फक्त हस्तांतरण थांबवण्याचा होता. दंड लावायला भाग पाडले ते इतर देशांच्या नियामकांनी, युरोपीय मंडळातून. हस्तांतरण थांबवायला कंपनीला पाच महिने दिले होते. ती मुदत भरायच्या आतच, १० जुलै २०२३ रोजी, आयोगाने अमेरिकेबरोबरची तिसरी व्यवस्था मंजूर केली आणि थांबवण्यासारखे काही उरले नाही.

‘डेटा प्रायव्हसी फ्रेमवर्क’ नावाची ही तिसरी व्यवस्था अध्यक्ष बायडेन यांच्या ऑक्टोबर २०२२ च्या आदेशावर उभी आहे. पाळत आवश्यक आणि प्रमाणशीर असावी, असे तो आदेश सांगतो. लोकपालाच्या जागी ‘डेटा संरक्षण पुनर्विलोकन न्यायालय’ आले. तक्रारदाराला तिथे स्वतः जाता येत नाही. शेवटी त्याला जे उत्तर मिळते त्याचे शब्दही आधीच ठरलेले आहेत: एकतर उल्लंघन आढळले नाही, किंवा आढळले आणि योग्य तो उपाय करण्याचा निर्णय झाला. या दोहोंतले काय झाले, ते सांगितले जात नाही. जानेवारी २०२५ मध्ये या व्यवस्थेवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकन मंडळाचे तीन डेमोक्रॅट सदस्य ट्रम्प प्रशासनाने काढले आणि मंडळाची गणसंख्याच उरली नाही. तरीही फ्रेंच खासदार फिलिप लातोंब यांनी दिलेले आव्हान युरोपच्या सामान्य न्यायालयाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळले; न्यायालयाने २०२३ मधली, मंजुरी देतानाची परिस्थिती विचारात घेतली. लातोंब अपिलात गेले. अध्यक्षांचा आदेश पुढचा अध्यक्ष एका सहीने मागे घेऊ शकतो, हा या इमारतीचा कच्चा खांब.

बाकीची काही प्रकरणे थोडक्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये नेदरलँड्सने उबरला २९ कोटी युरो दंड केला. चालकांच्या परवान्यांची, ठावठिकाण्याची, काहींच्या आरोग्याचीही माहिती दोन वर्षांहून अधिक काळ कोणत्याही कराराशिवाय अमेरिकेत गेली होती. मे २०२५ मध्ये आयर्लंडने टिकटॉकला ५३ कोटी युरो दंड केला. तिथे मुख्य मुद्दा सर्व्हरचा नव्हताच. चीनमधल्या कर्मचाऱ्यांना युरोपीय वापरकर्त्यांची माहिती दुरून पाहता येत होती आणि चीनच्या कायद्यापासून ती वाचते हे कंपनीला दाखवता आले नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये दोषी ठरला तो खुद्द युरोपीय आयोग. आयोगाच्या एका वेबसाइटवर ‘फेसबुकने प्रवेश करा’ असे बटण होते. त्यावरून एका जर्मन नागरिकाचा आयपी पत्ता मेटाकडे अमेरिकेत गेला. न्यायालयाने आयोगाला त्या नागरिकाला ४०० युरो भरपाई द्यायला लावली. रक्कम चहापाण्याची, पण नियम लिहिणाऱ्याच्याच खिशातून ती गेली.

माहिती देशातच ठेवण्याची सक्ती हा दुसरा मार्ग. रशियाने सप्टेंबर २०१५ पासून तसा कायदा लावला आणि तो न पाळल्याबद्दल पुढच्या वर्षी लिंक्डइन बंद केले. भारतात असा सर्वांत कडक नियम संसदेने नव्हे, मुंबईतून रिझर्व्ह बँकेने केला. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने कार्ड, वॉलेट, यूपीआय अशा देयक यंत्रणांची सगळी माहिती फक्त भारतातच साठवायला सांगितले आणि सहा महिने दिले. नियम न पाळल्याच्या कारणावरून २०२१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स क्लब आणि मास्टरकार्ड यांना नवे ग्राहक घ्यायला बंदी झाली. नंतर टप्प्याटप्प्याने ती उठली. पण भिंत बांधली म्हणजे परक्या सरकारचा हात तुटतो असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या डब्लिनमधल्या सर्व्हरवरचे ईमेल अमेरिकन तपास यंत्रणेने २०१३ मध्ये मागितले, तेव्हा कंपनी न्यायालयात लढली. अंतिम निकाल लागण्याआधीच मार्च २०१८ मध्ये ‘क्लाउड ॲक्ट’ आला: सर्व्हर कोठेही असो, कंपनी अमेरिकेच्या अधिकारकक्षेत असेल तर वॉरंट आल्यावर माहिती द्यावी लागते.

भारताच्या सर्वसाधारण कायद्याला वेळ लागला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात, वैयक्तिक माहितीची एक प्रत तरी भारतात हवी, अशी अट होती. २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून ती अट गळाली. युरोप परवानगी असलेल्या देशांची यादी करतो. भारताने उलटे केले. कलम १६ प्रमाणे सरकार ज्या देशांवर निर्बंध घालील ते सोडून माहिती कोठेही जाऊ शकते, मात्र रिझर्व्ह बँकेसारखे कडक नियम असतील तर ते कायम राहतात. सर्वाधिक दंड २५० कोटी रुपये. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यांत दीड वर्षाची मुदत आहे.

या कायद्यातली एक सूट पुणे, बेंगळुरू, हैदराबादसाठीच लिहिल्यासारखी आहे. परदेशी कंपनीशी करार करून परदेशातल्या लोकांच्या माहितीवर भारतात काम होत असेल, तर सुरक्षिततेची जबाबदारी वगळता कायद्याचा बहुतेक भाग लागू होत नाही. बाहेरून कामे घेणाऱ्या उद्योगाला हे सोयीचे वाटते. पण युरोपच्या ‘पुरेशा’ देशांच्या यादीत जपान, दक्षिण कोरिया, अर्जेंटिना, न्यूझीलंड आहेत, भारत नाही. त्यामुळे हिंजवडीतली कंपनी जर्मन विमा कंपनीच्या नोंदी उघडते ती प्रमाण करारकलमांवर सही करूनच. त्या करारात ती लिहून देते की सरकारने माहिती मागितली तर युरोपातल्या ग्राहकाला ताबडतोब कळवू, कळवायला मनाई झाली तर ती उठवण्याचा आटोकाट प्रयत्न करू, आणि मागणी बेकायदा वाटली तर तिला आव्हान देऊ.

या कराराबरोबर एक प्रश्नावलीही येते. तिच्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ चे काय, हा प्रश्न हमखास असतो. त्या कलमाखाली केंद्रीय गृहसचिव किंवा राज्याचे गृहखाते संगणकावरची माहिती पाहण्याचा, अडवण्याचा आणि कुलूप उघडून घेण्याचा आदेश देऊ शकते. त्याआधी न्यायाधीशाची मंजुरी लागत नाही, आदेश गुप्त ठेवावा लागतो आणि तो न मानल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीचे वकील उत्तरे लिहितात, ती युरोपातल्या ग्राहकाच्या दप्तरी पडतात आणि तिथल्या नियामकाने मागितली तर दाखवावी लागतात. तांत्रिक माणसे तोवर आपल्या बाजूने तोड काढतात: फाइल पुण्यात उतरवता येऊ नये अशी व्यवस्था करायची, चाचणीसाठी खऱ्या ग्राहकांऐवजी बनावट नावांच्या नोंदी द्यायच्या, आणि खरी नोंद उघडावीच लागली तर तंत्रज्ञाच्या पडद्यावर नाव आणि खातेक्रमांकाच्या जागी नुसत्या फुल्या उमटतील असे करायचे.